लायपोसक्शन: पोट, गणपती आणि कुंभार्ली घाट

विचारणा अशी आहे: "चिपळूणजवळ राहते. वय 38, उंची 158 सेंटिमीटर, वजन 68 किलो. दोन बाळंतपणं, दुसरं सिझेरियन. पोट आणि कमरेच्या बाजू काही केल्या उतरत नाहीत. गणपतीला अडीच महिने आहेत, त्याआधी लायपोसक्शन केलं तर किती किलो कमी होईल? एचबीए-वन-सी 6.1 आलंय, ते खाली येईल का? कराडला करून दुसऱ्या दिवशी कुंभार्ली घाटाने घरी येता येईल का? आणि काढलेली चरबी पुन्हा येत नाही हे खरं का?"

आधी थोडक्यात. लायपोसक्शन म्हणजे कातडीखाली नळी घालून चरबी ओढून काढणं. वजन दोन-सव्वादोन किलोंनी उतरेल, तेही लगेच नाही. एचबीए-वन-सी म्हणजे रक्तातली गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर, ती या ऑपरेशनने खाली येत नाही. दुसऱ्या दिवशी घाट उतरायचा नाही. 'काढलेली चरबी परत येत नाही' हे अर्धंच खरं. गणपतीचं शेवटी बघू, त्याचं उत्तर बाकीच्यातूनच निघतं.

ताई, तुम्ही 'पोट' म्हणताय त्यात चार वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात आणि लायपोसक्शनची नळी त्यातल्या एकाच गोष्टीला हात लावते. घरीच तपासून बघा. सपाट जागी पाठीवर झोपा, पोट सैल सोडा आणि बेंबीच्या बाजूला चिमटीत धरा. चिमटीत जाड वळी आली तर ती कातडीखालची चरबी. ही निघते. झोपल्यावरही पोट घागरीसारखं वर राहत असेल, दाबलं तर टणक लागत असेल आणि चिमटीत फारसं काही येत नसेल, तर चरबी आत, आतड्यांभोवती आहे. ती पोटाच्या स्नायूंच्या मागे असते, तिथे नळी न्यायची नसते. नळी तिथे पोचली तर तो अपघात आहे, उपचार नव्हे. पुरुषांच्या नगाऱ्यासारख्या पोटात बहुतेक हीच चरबी असते आणि त्यांना या ऑपरेशनचा उपयोग जवळजवळ शून्य.

तिसरी गोष्ट स्नायूंची. तसंच झोपून गुडघे वाकवा, डोकं आणि खांदे थोडे उचला आणि बेंबीच्या वरखाली मध्यरेषेत बोटं आडवी ठेवा. दोन बोटांपेक्षा जास्त फट लागली, किंवा मधोमध उंचवटा फुगून आला, तर बाळंतपणात स्नायूंची जोडी फाकली आहे. वरची चरबी कितीही काढली तरी पोट पुढे येतच राहणार. चौथी गोष्ट कातडी. उभ्याने पुढे वाका. सिझेरियनच्या व्रणावर कातडी पदरासारखी लोंबत असेल, तिच्यावर पांढऱ्या रेघा असतील, तर तिचा ताण संपलाय. आतून चरबी काढली की ती आणखी सैल पडते, उशीतला कापूस काढल्यावर खोळ पडते तशी. अशा पोटाला टमी टक लागतं. त्यात कातडी कापून स्नायू शिवतात. ते मोठं ऑपरेशन आहे, व्रणही मोठा राहतो. दोन बाळंतपणांनंतर बऱ्याच बायकांचं उत्तर 'थोडं हे, थोडं ते' असंच येतं. म्हणून तपासायच्या आधी फोनवरच लायपोसक्शनचा दर सांगणाऱ्या माणसाकडे जाऊ नका.

तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, साधारण 27 येतो. आपल्याकडच्या मापाने 25 च्या वर स्थूलता धरतात आणि बायकांची कंबर 80 सेंटिमीटरच्या वर गेली की धोका मोजायला सुरुवात होते. या ऑपरेशनसाठी तुम्ही बाद नाही, पण 63-64 किलोंवर येऊन काही महिने तिथे टिकलात तर याच ऑपरेशनचा परिणाम बराच चांगला दिसेल. उतरत्या किंवा चढत्या वजनावर कोरीव काम करू नये.

आता किलोंचा हिशोब. हल्ली लायपोसक्शन 'टुमेसंट' पद्धतीने होतं. कॅलिफोर्नियाचे त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनी ती 1987 मध्ये मांडली. त्याआधी, 1970 च्या दशकाच्या शेवटी, पॅरिसच्या इव्ह-जेरार इलूझ यांनी बोथट टोकाची नळी वापरात आणली होती, पण त्या काळी कोरडंच ओढलं की निघालेल्या मालात रक्ताचं प्रमाण 20 ते 45 टक्क्यांपर्यंत जायचं. क्लाइन यांच्या पद्धतीत चरबीत आधी औषधी पाणी भरतात. एक लिटर सलाईनमध्ये अ‍ॅड्रिनलिन 1 मिलिग्रॅम, जागा बधिर करणारं लिग्नोकेन 500 ते 1000 मिलिग्रॅम आणि रुग्ण जागा असेल तर चुरचुर कमी व्हावी म्हणून थोडा सोडा बायकार्ब. हे पाणी भरल्यावर 20 ते 30 मिनिटं थांबायचं. अ‍ॅड्रिनलिनने रक्तवाहिन्या आकसतात, कातडी पांढुरकी पडते आणि मग ओढलं तर रक्त एखाद्या टक्क्याच्या आसपासच जातं. घाईत ही वीस मिनिटं खाल्ली की रक्तस्राव वाढतो, दुसऱ्या दिवशी काळेनिळे डाग जास्त दिसतात.

या पाण्याला मर्यादा आहे, कारण त्यातलं लिग्नोकेन शेवटी अंगातच जिरतं. सर्वसाधारण मर्यादा किलोमागे 35 मिलिग्रॅम. तुमच्या 68 किलोंना 2380 मिलिग्रॅम. लिटरला 500 धरलं तर पावणेपाच लिटरपर्यंत पाणी, 1000 धरलं तर त्याच्या निम्मं. म्हणजे एका दिवसात पोट, कंबर, पाठ, दंड आणि मांड्या असं सगळं उरकायचं म्हटलं तर आधी औषधाचीच मर्यादा आडवी येते. दुसरी मर्यादा बाहेर येणाऱ्या मालाची. एकूण 5 लिटरच्या वर गेलं की ते 'मोठं' लायपोसक्शन. मग रात्रभर रुग्णालयात ठेवणं, लघवी मोजणं, द्रवाचा हिशोब ठेवणं हे सगळं आलंच.

तुमच्या पोटातून आणि दोन्ही कुशींतून समजा 3 लिटर माल निघाला. बरणी तासभर उभी ठेवली की खाली लालसर पाणी बसतं आणि वर पिवळी चरबी तरंगते. ती सव्वादोन-अडीच लिटर भरते. चरबी पाण्यापेक्षा हलकी, लिटरला साधारण 900 ग्रॅम. झाले दोन-सव्वादोन किलो. जाहिरातीत दाखवतात ती बरणी पाण्यासकट असते, एवढं लक्षात ठेवा. शिवाय आत राहिलेल्या पाण्यामुळे आणि सुजेमुळे पहिल्या आठवड्यात काटा उलट एक-दोन किलो जास्त दाखवतो. त्या आठवड्यात वजनकाट्यावर उभं राहूच नका. मोजायचं तर टेपने मोजा, बेंबीच्या रेषेत, तेही तीन महिन्यांनी. परकराची नाडी दोन-तीन इंच आत बांधता यावी, ब्लाऊजच्या खाली दिसणारी वळी जावी, कुर्ता कुशीवर अडकू नये, एवढी अपेक्षा रास्त आहे. आकार बदलतो, वजन नाही.

ऑपरेशन कसं होतं ते कळलं की चूक कुठे होते तेही कळतं. खुणा रुग्णाला उभं करूनच काढायच्या. झोपल्यावर चरबी सरकते, म्हणून टेबलावर झोपवून खुणा काढणाऱ्याला उंचवटे आणि खोलगट जागा कळतच नाहीत. मग 3 ते 5 मिलिमीटरचे छेद, शक्यतो बेंबीत, जुन्या व्रणात किंवा कमरेच्या घडीत. त्यातून 3-4 मिलिमीटर जाडीची नळी आत. आधी खोल थरात, मग मधल्या थरात, पंख्याच्या काड्यांसारखे बोगदे पाडत जायचं आणि दोन छेदांतून हे बोगदे एकमेकांना आडवे छेदायचे. एकाच छेदातून सगळं केलं की चर पडतात. कातडीच्या लगतचा साधारण एक सेंटिमीटरचा थर मुद्दाम सोडतात. तो हावरेपणाने ओढला की वर लाटा उमटतात आणि त्या दुरुस्त करणं मूळ ऑपरेशनपेक्षा अवघड असतं. 'अजून थोडी काढा ना डॉक्टर' हा आग्रह इथेच महागात पडतो. मांडीच्या बाहेरच्या बाजूला आणि नितंबाखालच्या घडीत काही जागा अशा आहेत की तिथे चरबी खाली घट्ट चिकटलेली असते. त्या जागा सोडूनच द्यायच्या.

सिझेरियनच्या व्रणाखाली चिकटलेला तंतुमय भाग नळीला अडतो. जोर लावला की नळीचं टोक कुठे वळेल सांगता येत नाही. बेंबीचा किंवा व्रणाचा हर्निया असेल तर धोका खराच, कारण भिंतीतल्या भोकातून आतडं चरबीत आलेलं असतं आणि नळी थेट त्यात जाऊ शकते. टाक्याचं नाहीतर दुर्बिणीचं ऑपरेशन झालेल्यांनीही हे ध्यानात ठेवावं. म्हणून आधी सोनोग्राफी हवी आणि चिठ्ठीवर 'हर्निया आहे का पाहा' असं स्पष्ट लिहून हवं. नुसती 'पोटाची सोनोग्राफी' लिहिली की यकृत-मूत्रपिंड बघून मोकळे होतात.

यंत्रांबद्दल लोक फार विचारतात. वेझर म्हणजे ध्वनिलहरींनी चरबी आधी सैल करायची. पाठ आणि पुरुषांची छाती अशा चिवट जागी त्याचा फायदा होतो. पॉवर असिस्टेडमध्ये नळी स्वतः थरथरते, त्यामुळे सर्जनचा हात कमी दमतो. लेझर आणि रेडिओ-फ्रिक्वेन्सी उष्णतेवर चालतात, कातडी थोडी आकसते, पण भाजण्याचा धोकाही त्यांच्यासोबतच येतो. माझं मत विचाराल तर यंत्र तिसऱ्या क्रमांकाचं. पहिला मान निवडीचा, दुसरा हाताचा.

साखरेचं. कातडीखालची चरबी काढून मधुमेह सुधारतो का, हे नीट तपासून झालेलं आहे. 2004 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये 15 स्थूल स्त्रियांचा अभ्यास आला. त्यातल्या सात जणींना मधुमेह होता. प्रत्येकीच्या पोटावरून साधारण नऊ-दहा किलो चरबी काढली, म्हणजे तुमच्यापेक्षा चौपट. दहा-बारा आठवड्यांनी पाहिलं तर इन्सुलिनचं काम, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांत काही फरक नाही. तेवढीच चरबी खाणं कमी करून उतरवली असती तर फरक पडला असता, कारण मग आतली चरबी आणि यकृतातली चरबी आधी वितळते. 6.1 म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. त्याने ऑपरेशन अडत नाही, पण त्याचा इलाज जेवणात आणि चालण्यातच आहे.

चरबी परत येण्याचं. काढलेल्या पेशी त्या जागी सहसा पुन्हा उगवत नाहीत, पण उरलेल्या पेशी फुगतात. वजन चार-पाच किलो वाढलं की शरीर ते कुठेतरी ठेवणारच. ब्राझीलमध्ये सामान्य वजनाच्या 36 स्त्रियांवर केलेला 2012 चा अभ्यास आहे. पोटाचं लायपोसक्शन झाल्यावर ज्यांनी व्यायाम केला नाही, त्यांची आतली चरबी सहा महिन्यांत साधारण दहा टक्के वाढली. ज्यांना व्यायाम लावून दिला होता, त्यांची वाढली नाही. म्हणजे बाहेरची निरुपद्रवी चरबी देऊन आतली धोक्याची चरबी घेतल्यासारखं होऊ शकतं. ऑपरेशननंतर चालणं हा शिष्टाचार नाही, उपचाराचाच भाग आहे.

आता घरी आल्यावर काय होतं ते सविस्तर, कारण रुग्णांना धक्का इथेच बसतो.

पहिले 24 ते 48 तास छेदांतून पाणी गळतं. गळू द्यायचं असतं, म्हणून काही सर्जन छेद मुद्दाम सैल सोडतात. गादीवर प्लास्टिक, त्यावर जुनी चादर, मोठे पॅड लागतात. गळणारं पाणी फिकट गुलाबी असतं, भरपूर पाणी घातलेल्या कोकम सरबतासारखं. आगळासारखं गडद आणि घट्ट येऊ लागलं, पॅडमागून पॅड भिजत राहिले, तर फोन करायचा. दुखणं भातलावणीच्या पहिल्या दिवसानंतर अंग आंबतं तसं, त्याहून थोडं जास्त. पॅरासिटामॉलवर बहुतेकींचं भागतं. ब्रुफेन, अ‍ॅस्पिरिन स्वतःच्या मनाने नको, रक्त पातळ होतं. ऑपरेशनच्या आधीही दोन आठवडे ही औषधं, फिश ऑइलच्या गोळ्या आणि लसणाच्या कॅप्सूल सर्जनला विचारून बंद करायच्या.

ऑपरेशननंतर पोटा-कमरेवर घट्ट बसणारा दाबपट्टा घालतात. तो पहिल्यांदा काढताना चक्कर येऊ शकते. दाब सुटला की रक्त एकदम खाली पायांकडे उतरतं आणि न्हाणीघरात माणूस कोसळतं. म्हणून आधी काही खाऊन घ्या, बसूनच काढा आणि दुसरं माणूस जवळ असू द्या. पट्टा तीन-चार आठवडे दिवसरात्र, पुढे सहाव्या आठवड्यापर्यंत अर्धा दिवस. दोन नग लागतात, एक धुऊन वाळेपर्यंत दुसरा. पावसाळ्यात एक नग दोन दिवस वाळत नाही, ओलसर पट्टा तसाच चढवला की कमरेच्या घडीत नायटा आणि लालसर चट्टे उठतात. त्यामुळे आपल्याकडे तीन घेतले तरी चालेल. पट्ट्याला वळी पडू देऊ नका. आठवडाभर एकाच जागी वळी राहिली तर कातडीखाली तसाच चर पडतो, तो नंतर सर्जनच्या माथी मारला जातो. फार घट्टही नको. श्वास अडतो, पाय सुजतात, कातडीचा रक्तपुरवठाही अडकू शकतो.

सूज तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सगळ्यात जास्त असते आणि ती खाली उतरते. जांघेत, जननेंद्रियावर, घोट्यात सूज आणि निळसर डाग दिसतात. हे आधी कोणी सांगितलेलं नसलं की माणूस घाबरतं. डाग दोन-तीन आठवड्यांत जातात. तिसऱ्या आठवड्यापासून पोट टणक लागतं, हाताला गाठी लागतात. बऱ्याच जणींना वाटतं काम बिघडलं. ही भरणीची प्रक्रिया आहे, दोन-तीन महिन्यांत मऊ पडते. बधिरपणा आठवडे ते काही महिने राहतो, मधून मधून सुई टोचल्यासारखं होतं, खाज येते. बधिर कातडीवर गरम पिशवीचा शेक घ्यायचा नाही. भाजलेलं कळत नाही, फोड आल्यावरच दिसतं. बाळंतिणीसारखी कढत तेलाची मालिश आणि धुरी, जी घरची वडीलधारी प्रेमाने सुचवतील, तीही नको. मालिश करायचीच तर सर्जनने सांगितल्यावर, हलक्या हाताने.

खाण्यात पहिल्या दिवशी पेज उत्तम. नंतर प्रथिनं, दिवसाला 70 ग्रॅमच्या आसपास: ताजे मासे, अंडी, कुळथाची पिठी, डाळ. मासे, भात, आंबट यांनी जखम पिकते या समजुतीला आधार नाही. मीठ मात्र खरोखर सूज धरून ठेवतं. दोन आठवडे खारा बांगडा, सुकट, लोणचं, पापड बाजूला.

मिश्रीबद्दल वेगळं लिहायला हवं. तपासणीत 'तंबाखू, सिगारेट?' विचारलं की बायका 'नाही' म्हणतात आणि त्यांच्या लेखी ते खरंच असतं, कारण मिश्री म्हणजे दात घासायची. पण ती भाजलेली तंबाखूच आहे आणि तिच्यातलं निकोटिन हिरड्यांतून रक्तात जातं. कातडीच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, जखम भरायला वेळ लागतो, कातडीचा तुकडा काळा पडण्याचा धोका वाढतो. आधी चार आठवडे आणि नंतर चार आठवडे पूर्ण बंद. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर त्याही सांगा. त्या साधारण चार आठवडे आधी थांबवतात, कारण त्यांनी रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो.

गुठळ्यांचा विषय निघाला की घाट येतो. अमेरिकेतल्या प्लास्टिक सर्जनांकडून गोळा केलेली, 2000 साली छापलेली आकडेवारी होती: साधारण पाच हजारांमागे एक मृत्यू, आणि त्यात सगळ्यात मोठं कारण पायातली गुठळी फुप्फुसात जाणं. मर्यादा पाळल्या गेल्यापासून चित्र बरंच सुधारलंय, पण कारणं तीच आहेत. म्हणून त्याच संध्याकाळी उठून चालायचं, दर दोन तासांनी पोटऱ्या हलवायच्या. आणि अडीच-तीन तास गाडीत अडकून, पोटाला पट्टा आवळून, कुंभार्लीच्या वळणांवर खड्ड्यांतून यायचं नाही.

घाट नको म्हणण्याचं दुसरं कारण वेळापत्रकाचं आहे. लिग्नोकेनची रक्तातली पातळी ऑपरेशन टेबलावर नाही, तर 8 ते 16 तासांनी सगळ्यात वर जाते. सकाळी ऑपरेशन झालं तर रात्री. कानात घंटा वाजल्यासारखं, तोंडाला धातूची चव, ओठांभोवती मुंग्या, बोलणं अडखळणं ही त्याची पहिली चिन्हं, पुढे झटके. त्यावर उतारा म्हणजे 20 टक्के लिपिड इमल्शन शिरेतून देणं. रुग्णालयाला सरळ विचारा, 'हे तुमच्याकडे ठेवलेलं असतं का?' प्रश्न ऐकून चेहरा कोरा झाला तर जागा बदला. चरबीचे कण फुप्फुसात अडकण्याचा त्रास 12 ते 72 तासांत होतो: धाप, गोंधळल्यासारखं वागणं, अंगावर बारीक लाल ठिपके. आतड्याला इजा झाली असेल तर ती पहिल्या दोन-चार दिवसांत बोलते: पोट फुगणं, उलटी, ताप आणि औषधाने न थांबणारं, दर तासाला वाढणारं दुखणं. या तिन्हींत पहिले तास मोलाचे असतात आणि घाटात दरड आली असेल तर ते रस्त्यावरच जातात.

म्हणून पहिली रात्र रुग्णालयात, मग निदान पाच-सात दिवस तिथून अर्ध्या तासाच्या अंतरावर, नातेवाइकांकडे किंवा खोली घेऊन. पहिल्या दोन तपासण्या तेवढ्यात होतात, टाके असतील तर निघतात. त्यानंतरचा प्रवास दर तासाला उतरून पाच मिनिटं चालत. मुंबईला करणार असाल तर परतीला रस्त्यापेक्षा कोकण रेल्वे बरी, डब्यात उठून फिरता येतं. पुढच्या तपासण्या तिसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात, मग तीन आणि सहा महिन्यांनी.

उशिरा येणारी एक भानगड आहे, ती गावच्या डॉक्टरांनाही माहीत असलेली बरी. तीन ते आठ आठवड्यांनी छेदाच्या आसपास लाल, फारशा न दुखणाऱ्या गाठी येतात, फुटतात, पुन्हा येतात. नेहमीची अँटिबायोटिक्स देऊन बघतात, हटत नाहीत. क्षयाच्या जंतूंच्या जातकुळीतले, पाण्यात राहणारे जंतू हे त्यामागे असू शकतात. नळीची पोकळी अरुंद, ती नीट घासून ऑटोक्लेव्ह न करता, म्हणजे दाबाच्या वाफेत निर्जंतुक न करता, नुसती द्रावणात बुडवली किंवा साध्या पाण्याने विसळली की हे होतं. स्रावाची त्या जंतूंसाठी वेगळी तपासणी करावी लागते आणि औषधं काही महिने चालतात. पोटाच्या कातडीखाली पाणी साठून दाबलं की डुचमळतं, तो मात्र सेरोमा. सुईने काढतात, घाबरण्यासारखं नाही.

छेद पूर्ण मिटेपर्यंत, म्हणजे तीन-चार आठवडे, समुद्रात उतरायचं नाही. खाऱ्या कोमट पाण्यात जखमेतून शिरणारे व्हिब्रिओ जंतू असतात, मधुमेह आणि यकृताचा आजार असलेल्यांना ते फार जड जातात. शेतातल्या चिखलात तर नाहीच. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उघड्या जखमेतून सहज आत जातात.

कामाचं सांगायचं तर बसून करायचं काम पाच-सात दिवसांत, स्वयंपाक दहाव्या दिवसापासून, स्कूटर दोन-तीन आठवड्यांनी. विहिरीचं पाणी ओढणं, भरलेली कळशी घेऊन पाखाडी चढणं, नारळ सोलणं, सिलिंडर उचलणं हे सहा आठवड्यांनंतर.

आता गणपती. आज ऑपरेशन झालं तरी अडीच महिन्यांनी तुमचं पोट निम्मं-पाऊण उतरलेलं, पण टणक आणि बधिर असेल. खरा आकार तीन ते सहा महिन्यांत दिसतो. त्यात हे अडीच महिने भर पावसाचे. पट्टा वाळत नाही, घाट कधी बंद पडेल सांगता येत नाही. तपासण्या चुकायला एवढं पुरे. चतुर्थीच्या आधीचे पंधरा दिवस घराची साफसफाई, चाकरमान्यांची गर्दी, खाली बसून मोदक वळणं, आणि 'आता कसं नाही म्हणू' म्हणत तुम्ही पिंप उचलणार. म्हणून हा गणपती जाऊ द्या. दिवाळीनंतर, नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ बरा: हवा कोरडी, घाम कमी, रस्ते मोकळे. एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या धामधुमीत आणि त्या उकाड्यात पट्टा घालून बसवत नाही. नोव्हेंबरमध्ये केलंत तर पुढच्या गणपतीपर्यंत आकार पक्का झालेला असेल.

पैशांचं थोडक्यात. आरोग्य विम्यात कॉस्मेटिक शस्त्रक्रिया बसत नाही, विमा नियामकाच्या ठरावीक वगळणुकींतच ती आहे. वैद्यकीय सेवांना असलेली जीएसटीची सूटही तिला नाही. दर विचारताना सर्जन, भूलतज्ज्ञ, थिएटर, तपासण्या, पट्टे, राहणं आणि सहा महिन्यांनी लागलीच तर दुरुस्ती, हे सगळं लिहून मागा. सर्जन प्लास्टिक सर्जरीतला एमसीएच किंवा डीएनबी (हल्ली डीआरएनबी) आहे ना आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीत ती पदवी लागली आहे ना, ते बघा. भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ हजर असणार ना, हेही विचारा. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या होतील असं कोणी म्हटलं तर सावध व्हा. ऑपरेशनच्या आधीचे तुमचे फोटो नीट बघा, त्याच वेळी त्या सारख्या नसतात. दुरुस्तीचा विचार सहा महिन्यांच्या आत करायचा नाही.

दिवाळीपर्यंतचे महिने वाया जात नाहीत. या आठवड्यात हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. हिमोग्लोबिन 11 च्या खाली असेल तर आधी ते भरून काढायचं. सोनोग्राफीत हर्निया निघाला तर त्याचं काय, ते सर्जनबरोबर आधी ठरवा. मिश्री असेल तर तिची शेवटची तारीख ऑक्टोबर अखेरची न धरता आजची धरा. आणि रोज पाऊण तास चाला, पाऊस असेल तर पडवीत. दोन महिन्यांनी 64 वर आलात आणि आरशासमोर उभं राहिल्यावर ऑपरेशन नकोच वाटलं, तर तेही चालेल.